तीन नंबरचा साक्षीदार

—नाही, नाही, उठू नका, बसा. बाक काय मला सासऱ्यानं दिलेलं नाही. मी इथं टेकतो, ह्या टोकाला. हा लोखंडी नळा जरा पायाशी ठेवतो — कटर म्हणतात ह्याला, होल पाडायचा — अडखळाल नाहीतर. नवीन मेंबर ना साहेब तुम्ही? ओळखलं. लांबूनच ओळखलं. डोक्यावर टोपी, शेजारी पिशवी, सीझनचा आज पहिला दिवस, कार्यक्रम नऊचा आणि तुम्ही साडेसहाला हजर. जुना मेंबर असता तर आत्ता कुठं कूस बदलत असता. जुन्यांचं कसं असतं — तीन महिने मैदान बंद म्हणून घरी कुरकुर करायची, बायकोच्या नाकी नऊ आणायचे, आणि मैदान उघडलं की बरोब्बर चहाच्या वेळेला उगवायचं. नवा माणूस मात्र पहाटे येतो. का येतो? कुणी बघायच्या आत चार फटके मारून घ्यावेत म्हणून. बरोबर? — नका सांगू, नका सांगू. घसा बसलाय, कळतंय मला. पहिल्या दिवशी सगळ्यांचा बसतो. मला काय, उत्तर नसलं तरी चालतं. बावीस वर्षं मी गवताशी बोलतोय, ते कुठं उत्तर देतंय.

आणि घाबरायचं काही कारण नाही हां. इथं कुणालाच गोल्फ खेळता येत नाही. खरंच सांगतो. आमच्या अध्यक्षांचं घ्या. चेंडूसमोर उभे राहतात, कंबर हलवतात, थांबतात, परत कंबर हलवतात — अंड्यावर बसायला जागा करणारी कोंबडी बघितलीय ना, तशी — आणि मग जो हाणतात तो थेट तळ्यात. दर वेळी. पण तळ्याकडून परत येताना चालणं बघा, जसा काही तिथंच टाकायचा होता. एक कंत्राटदार आहेत, त्यांचा चेंडू झुडपात गेला की दोन मिनिटांत 'सापडला, सापडला' म्हणून ओरडतात — अहो, स्वतःच्या खिशातून टाकलेला चेंडू, सापडेल नाहीतर जाईल कुठं. मी तिथंच असतो, दाताळं घेऊन. माळ्याकडं कुणी बघत नाही, म्हणून माळ्याला सगळं दिसतं. म्हणजे दिसायचं. दिसतं. आत्ताही सगळं दिसतं, का नाही दिसणार.

चहा घेणार? घ्या. आज आमच्या मंडळींनी थर्मासमध्ये दोन माणसांचा चहा भरलाय. का भरलाय विचारलं तर म्हणाली, 'असू दे, कुणी भेटलं तर.' सव्वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. एरवी माझ्याच कपात मोजून ओतते. दोन कपसुद्धा दिलेत, बघा. धरा — धरलात? नीट धरा, गरम आहे. मी ओततो — नको, तुम्हीच ओता. तुमच्या कपात तुम्ही ओतलेलं बरं. माझ्याही ओता हवं तर. ह्या थर्मासचं तोंड जरा वाकडं आहे.

तर नऊचा कार्यक्रम. तुम्ही नवीन, तुम्हाला माहीत नसेल. आपल्या क्लबात रीत आहे — सीझनचा पहिला होल मशीनबिशीननं नाही पाडायचा, हातानं पाडायचा, सगळ्यांसमोर, आणि तो पाडायचा जो सगळ्यात जुना माळी त्यानं. म्हणजे मी. ती समोर एक नंबरची ग्रीन, ती बारीक कातरलेली हिरवळ, तिथं. कमिटीचे लोक आदल्या संध्याकाळी गवतावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन जातात. मी कटर घेऊन जायचं, बरोबर ठिपक्यावर उभा करायचा, दाबायचा, फिरवायचा, दाबायचा, फिरवायचा, आणि गवतासकट मातीचा गोल ठोकळा अख्खा वर उचलायचा. कड मोडता कामा नये. मग आत पांढरा डबा बसवायचा, झेंडा रोवायचा, आणि अध्यक्ष तीन पावलांवरून चेंडू आत ढकलतात. तीन पावलांवरून, तरी गेल्या वर्षी दोनदा चुकले. टाळ्या मात्र पहिल्यांदाच वाजल्या होत्या, त्या परत कशा घेणार.

आणि बाकी वर्षभर हेच काम, रोज पहाटे, नऊच्या नऊ ग्रीनवर. होल एका जागी ठेवत नाहीत, रोज सरकवतात. नाहीतर माणसं त्याच त्याच जागी तुडवून गवताचा जीव घेतील. जुन्या होलातला डबा काढायचा, नवीन होल पाडायचा, डबा तिकडं बसवायचा, आणि नव्या होलातून निघालेला ठोकळा नेऊन जुन्या होलात चपखल बसवायचा. पायानं दाबला की खूणसुद्धा राहत नाही. मेंबर लोकांना वाटतं झेंडा आपोआप फिरतो. असो. सांगत काय होतो — हां, आज. परवा अध्यक्षांनी मला ऑफिसात बोलावलं. समोर एक कंपनीचा माणूस बसलेला, गुळगुळीत कागदांचा गठ्ठा घेऊन. मैदान सगळं त्यांच्याकडं द्यायचं म्हणे, माणसं त्यांची, मशीन त्यांची. अध्यक्ष म्हणाले, 'मामा' — मला सगळे मामाच म्हणतात — 'मामा, यंदाचा पहिला होल तुम्हीच पाडा. पण गेल्या सीझनला दोन-तीन ठिकाणी कडा मोडलेल्या होत्या, झेंडे तिरके होते. आज सगळे बघायला असतील. नीट झालं तर वर्षभर विषय काढत नाही. नाही झालं तर मग बघू.' मग बघू म्हणजे काय ते मला कळतं. कंपनीचा तो गडी माझ्याकडं बघून हसलाही — म्हणजे हसला असावा. दात चमकल्यासारखं वाटलं.

म्हणून मी पण पहाटे आलो. तुमच्यासारखाच. कुणी बघायच्या आत.

बरं, एक गंमत करू. तुमची नजर कशी आहे बघू. इथून, बाकावरून, एक नंबरच्या ग्रीनवर तो पांढरा ठिपका आहे, सांगा बघू कुठं. मला दिसतोय हां, मी तुमची परीक्षा घेतोय. नव्या मेंबरला ग्रीन वाचता यायला हवी. — बोट दाखवताय? बोट दाखवून नाही चालणार, बोटानं काय, कुठंही दाखवता येतं. जाऊन उभे राहा. ठिपक्यापाशी. — राहिलात? मी येतो. एक, दोन, तीन… बाकापासून पावलं मोजायची माझी सवय आहे, लक्ष नका देऊ… तेरा, चौदा. ह्या तुमच्या बुटाजवळ? हाताला लागत नाही — म्हणजे रंग सुकलाय, म्हणतो मी. कुठं? — हं. हात धरून ठेवलात ते बरं केलंत. तिथंच. तिथंच म्हणत होतो मी. पास झालात.

ही काडी रोवून ठेवतो. आगपेटीतली, गवतात कुणाला दिसायची नाही. नऊ वाजता आलो की गुडघ्यावर बसायचं, मातीला हात लावल्यासारखं करायचं, काडी बोटाला लागली की काम फत्ते. लोक म्हणतील, मामा किती भाविक. चौदा पावलं आणि काडी. फक्त खुर्च्या कुठं मांडतात कुणास ठाऊक. खुर्च्या मांडल्या, फीत बांधली की पावलांचा हिशेब चुकतो. गेल्या वर्षी फीत नव्हती. यंदा अध्यक्षांच्या सूनबाईंनी फीत आणलीय. फितीत पाय अडकला की संपलं.

या, परत बाकापाशी या. इथं सरावाची ग्रीन आहे, हिच्यावर कुणाचं लक्ष नसतं. इथं मी एकदा रंगीत तालीम करतो. बघा तुम्ही. कटर असा उभा. हात असे. आता दाबायचा… फिरवायचा… ऐकलंत? गवताची मुळं तुटतात त्याचा आवाज असतो, करकर. तो थांबला आणि मऊ लागलं की खाली वाळू आली. ह्याला डोळे लागत नाहीत, साहेब. हातांना माहीत असतं. मी डोळे मिटून पाडू शकतो होल. मिटून काय आणि उघडे ठेवून काय. हा आला ठोकळा. कड बघा. आहे ना गोल? मी बोट फिरवून बघितली, आहे. आता डबा. आता झेंडा. सरळ आहे? — अहो, मान हलवून कसं कळणार —

—कळतं. कळतं. मी म्हणत होतो, तोंडानं सांगितलं तर जास्त बरं.

जाऊ द्या. तुमच्यापासून काय लपवायचं. तुम्ही आज आलात, इथलं कुणी तुम्हाला ओळखत नाही, तुमचा घसा बसलाय. ह्याच्यापेक्षा चांगला माणूस मला मिळायचा नाही. ऐका. मला दिसत नाही. म्हणजे आंधळा नाही हां, गैरसमज नको. उजेड दिसतो, माणूस उभा आहे ते दिसतं, झेंडा दिसतो. पण सगळं कसं — दुधाच्या पिशवीतून बघितल्यासारखं. तुमचं तोंड म्हणाल तर टोपीखाली एक पांढरट गोळा आहे. रागावू नका. चेहरा चांगलाच असेल. दोन वर्षं झाली, हळूहळू आलं. आधी बारीक अक्षरं गेली, मग काट्यातला नि गवतातला फरक गेला, मग माणसं गेली. मागं एकदा क्लबाच्या दारात मी रेनकोटाला नमस्कार केला. खुंटीवर टांगला होता. म्हटलं अध्यक्ष असतील, उंची तेवढीच होती. वर 'बरं आहे ना साहेब' असंही विचारलं. घरी सांगितलं तर आमची ही इतकी हसली, इतकी हसली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी परत घासत बसली. त्यानंतर रोज एकच धोशा. डॉक्टरांकडं जा. मोतीबिंदू आहे, साधी गोष्ट आहे, शेजारच्यांनी केलं, त्यांच्या आईनं केलं. बरोबर आहे तिचं. पण जायचं कुणाकडं? गावात डोळ्यांचा दवाखाना एकच. आणि त्या दवाखान्यात मी पाय ठेवू शकत नाही.

का, ते आता निघालंच आहे तर सांगतो.

दवाखाना आहे डॉक्टरीणबाईंचा. त्या इथल्याच मेंबर. अकरा वर्षं खेळतायत. खेळतायत म्हणजे — कसं सांगू — चालतायत. चांगलं चालणं होतं त्यांचं, कारण चेंडू एकीकडं जातो, त्या दुसरीकडं शोधतात. त्यांचं नाव पडलंय 'शोधमोहीम'. शनिवारी जोड्या लावायची वेळ आली की मेंबर लोकांना एकदम फोन यायला लागतात. बाईंना हे सगळं माहीत आहे हां. तरी येतात. हसतात. प्रत्येक फटक्याआधी काठी बुटाच्या तळव्यावर दोनदा आपटायची, टक-टक, माती झाडल्यासारखी, आणि मग मारायचं. मारला की परत झुडपात. एकदा माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, 'मामा, दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांत दाण्याएवढ्या जागेत काम करते, माझा हात इतकासुद्धा हलत नाही. इथं एवढं मोठं मैदान आहे आणि चेंडू मला ऐकत नाही.' मी म्हटलं, 'बाई, चेंडूला भूल दिलेली नसते.' काय हसल्या होत्या. चांगली बाई. मला फार आवडतात, खरं सांगायचं तर. म्हणूनच तर झालं सगळं.

गेल्या सीझनचा शेवटचा महिना. तीन नंबर. पहिला फटका मारतात त्या टीपासून अंतर थोडंच, पण मध्ये उंचवटा, टीवरून झेंड्याचा शेंडाच दिसतो, ग्रीन दिसत नाही. त्या दिवशी पहाटे मी डबा काढला, नवीन होल पाडला, डबा बसवला, झेंडा रोवला. ठोकळा हातात घेऊन जुना होल भरायला निघालो आणि जुना होल सापडेना. झेंडा नाही, पांढरा डबा नाही, नुसता काळा गोल, आणि वरून दव. हातात ठोकळा घेऊन मी फिरतोय, फिरतोय — लग्नाला जावं, आहेर हातात असावा आणि कार्यालयच मिळू नये, तसं. शेवटी काय केलं माहिताय? स्वतःला सांगितलं की भरला असेल. आधीच भरला असेल, विसरलो असेन. अहो, ठोकळा माझ्या हातात आहे, मग भरला कशानं? पण माणसाला एखादी गोष्ट बघायची नसली की असले प्रश्न पडत नाहीत. ठोकळा गाड्यात टाकला आणि कडेला जाऊन दाताळं मारत बसलो. चुकून नाही झालं ते. मला ठाऊक होतं. मी ठाऊक नसल्यासारखं केलं.

आठ-साडेआठला बाईंची जोडी आली. टीवर टक-टक ऐकू आलं. मग फटका. आणि साहेब, त्या दिवशी काय झालं होतं देव जाणे, फटका लागला, काय लागला. आवाजावरून कळतं. चेंडू उंचवट्यावर पडला, घरंगळत ग्रीनवर आला, आणि मी ऐकतोय — आणि धप.

धप कळलं का? डब्यात पडला की खट् वाजतं. प्लास्टिक असतं ना. धप म्हणजे माती. उघडा राहिलेला जुना होल. आवाजाच्या रोखानं गेलो, हात घातला, होलही मिळाला आणि चेंडूही. सकाळभर शोधलेला होल मला बाईंच्या चेंडूनं दाखवला. आता नियम असा आहे की जुन्या होलात पडलेला धरत नाहीत. चेंडू बाहेर काढायचा, शेजारी ठेवायचा, पुढं खेळायचं. म्हणजे मी ओरडून सांगायला हवं होतं, बाई, जुन्यात गेला. मग प्रश्न आला असता, जुना उघडा कुणी ठेवला. मग कमिटी. मग 'मग बघू'. उंचवट्यापलीकडून माणसं बोलत येतायत, ऐकू येतंय. मी चेंडू उचलला, बारा पावलं पळत जाऊन झेंड्याखालच्या डब्यात टाकला, परत पळालो, गाड्यातला ठोकळा जुन्या होलात कोंबला, वर पाय दिला. गुडघे आत्तापर्यंत बोलतायत. आणि दाताळं घेऊन उभा. माझी नोकरी वाचवायला केलं. बाईंच्या आनंदासाठी केलं असं मी पुढं स्वतःला पुष्कळ सांगितलं, पण पळताना डोक्यात बाई नव्हत्या.

मग त्या आल्या. चेंडू कुठंच नाही. कुणीतरी म्हणालं, होलात बघा. वाकल्या, हात घातला, काढला. बाकीचे ओरडायला लागले — एका फटक्यात, एका फटक्यात — अहो, अध्यक्षांना जन्मात जमलं नाही, त्या तळ्याची शप्पथ. आणि बाई मात्र खाली गवतावरच बसल्या. चेंडू हातात फिरवत बसल्या बराच वेळ. मला वाटलं रडतायत. मग म्हणाल्या, 'मामा, तुम्ही पाहिलंत?' मी म्हटलं, 'पाहिलं. ह्या डोळ्यांनी पाहिलं.' दुसरे कुठले डोळे होते माझ्याकडं. एका फटक्यात गेला की कार्डावर साक्षीदाराची सही लागते. मीच साक्षीदार. पेन दिलं, सही केली. बाई कार्डाकडं बघून हळूच म्हणाल्या, 'मामा, सही रेष सोडून माझ्या अंगठ्यावर आलीय. एकदा दवाखान्यात येऊन जा.'

तेव्हापासून मी पळतोय. टक-टक ऐकलं की मी पंपघरात. तीन महिने मैदान बंद होतं तेव्हा त्यांनी घरी दोनदा निरोप धाडला. मी एकदा माळ्यावर चढून बसलो, एकदा आजारी पडलो. आत्ता तुम्ही म्हणाल, जा की सरळ, ऑपरेशन करून घे. कसा जाऊ? त्या माझी हनुवटी धरणार, डोळ्यात बॅटरी मारणार, आणि विचारणार, दोन वर्षं झाली मामा हे आलेलं, मग त्या दिवशी तीन नंबरला तुम्ही पाहिलंत काय? क्लबाच्या भिंतीवर फळी आहे, सोनेरी अक्षरांत त्यांचं नाव लिहिलंय. सगळ्यांना पार्टी दिली. त्या दिवसानंतर शनिवारी त्यांना टाळून कुणाला फोन येत नाहीत. ताठ चालतात आता, पावलावरून कळतं. ते मी काढून घेऊ? डोळे माझे नीट व्हावेत म्हणून त्यांच्या हातातला एकुलता एक — नाही. आणि शिवाय ऑपरेशन केलं की वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, धूळ नको. ऐन सीझनला. माझ्या जागी तो दातवाला येणार. एकदा आला की गेला असं थोडंच आहे. घरी बसून मी करू काय, रेनकोटांना नमस्कार?

झालं. सांगून टाकलं. बरं वाटलं जरा. तुम्ही मात्र विसरून जा. उठा आता, उजाडलं चांगलं, गडी येतील खुर्च्या घेऊन. जायच्या आधी एक करा, ह्या होलात एक चेंडू मारून बघा. तालमीचा होल, पण डबा कसा बसलाय ते मला आवाजावरून कळेल. सात-आठ पावलांवरून मारा. घाबरू नका, बघणारा कोणी नाही. मी तर नाहीच.

मारा.

—थांबा. काय केलंत आत्ता? बुटावर. परत करा.

दोनदा.

…

लागला. येतोय. … खट्.

पडला बाई. डब्यात पडला. प्लास्टिकवर.

बोला हो काहीतरी. मान हलवू नका, मला दिसत नाही म्हणून सांगितलं ना आत्ता. किती वेळ तुम्ही — म्हणजे पहिल्यापासून? साहेब, साहेब करत होतो मी, एकदा तरी खाकरायचं. आणि ते 'शोधमोहीम' मी नाही ठेवलं, आईशप्पथ, कंत्राटदारांनी ठेवलं. … दोन कप. थांबा, दोन कप. म्हणजे हिला माहीत होतं. हिनंच कळवलं ना तुम्हाला, मी इतक्या पहाटे इथं येणार म्हणून? कुणी भेटलं तर, म्हणे. बघतो घरी जाऊन. हसा, हसा.

बाई, त्या फळीचं… मी स्वतः जाऊन कमिटीला सांगतो. आज कार्यक्रम झाला की लगेच. — काय? माती? कुठली माती? — चेंडूला.

डब्यात माती नसते. हो. नसते. पुसायचं लक्षातच नाही आलं मला.

म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी… गवतावर बसलात तेव्हाच. आणि मग सही घेतलीत, पार्टी दिलीत, चार महिने फळीवर नाव मिरवलंत ते कशाला? माझी नोकरी जाऊ नये म्हणून? — आणि थोडं स्वतःसाठी. हां. थोडं म्हणजे किती, खरं सांगा. … बरंच. मग ठीक आहे. नुसतं माझ्यासाठी केलं म्हणाला असतात तर मला घरी जाऊन तोंड दाखवता आलं नसतं.

मग नाव पुसायचं का? — उसनं? खरा पडेपर्यंत उसनं ठेवायचं. आणि तो पडलेला बघायला साक्षीदार डोळस पाहिजे. असं होय. ही अट मोठी वाईट घातलीत बाई. तुमच्या खेळाकडं बघता मला फार वर्षं जगावं लागणार. — नाही, नाही, आत्ताचा छान गेला. आत्ताचा मी ऐकला.

किती दिवस वाकायचं नाही म्हणता? इतकेच? मला वाटलं होतं सीझन जाणार. आणि तोवर होल कोण सरकवणार, तुम्ही? तुम्हाला नऊ ग्रीन सापडायला दुपार होईल. — आमची ही? तिला मी शिकवलाय कटर, खरं आहे, हात चांगला आहे तिचा. तेही बोलून झालंय का तुमचं. मला काही ठरवायला ठेवलंयत की नाही.

बरं ऐका, गाडीचा आवाज आला, खुर्च्या आल्या. नऊ वाजता त्या ठिपक्यापाशी जाऊन उभ्या राहा. फीत असू दे, खुर्च्या असू देत, तुम्ही फक्त बुटावर दोनदा काठी मारा. मी आवाजावर येतो. पावलं मोजत नाही. तुमच्यापाशी आलो की होल मी पाडतो, ते माझ्या हातांना येतं. — आणि हा कागद कसला? दवाखान्याचा, ऑपरेशनच्या संमतीचा. बरोबर घेऊनच आलात. पेन द्या.

बोट ठेवा रेषेवर. हां. आता हलवू नका.